क्योटोचा करार, ओटावाची माघार

हवामानविषयक वचने सरकारे उघडपणे क्वचितच मोडतात. ती हप्त्याहप्त्याने सैल केली जातात. कॅनडाच्या सुमारे तीन दशकांच्या वाटचालीत ही प्रक्रिया स्पष्ट दिसते.

१२ डिसेंबर २०११ रोजी कॅनडाचे तत्कालीन पर्यावरणमंत्री पीटर केंट यांनी राजधानी ओटावा येथे एक निवेदन केले. दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे भरलेली संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद आदल्याच दिवशी आटोपली होती. परिषदेहून परतलेल्या केंट यांनी जाहीर केले, की कॅनडा क्योटो करारातून बाहेर पडत आहे. करारावर सही करून, त्याला रीतसर मान्यता देऊन, पुढे त्यातून रीतसरच अंग काढून घेणारा कॅनडा हा पहिला देश ठरला.

त्यानंतर साधारण सव्वातेरा वर्षांनी, १४ मार्च २०२५ रोजी, त्याच ओटावात मार्क कार्नी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी जी सही केली, ती ग्राहकांकडून वसूल होणारा कार्बन कर शून्यावर आणण्यासाठी होती. २०११ मधील सरकार हुजूरपक्षाचे, तर २०२५ मधील उदारमतवादी पक्षाचे. एकाने करार सोडला, दुसऱ्याने आपल्याच पक्षाने लावलेला कर सोडला. तेव्हा हा प्रश्न एखाद्या पक्षाच्या वा नेत्याच्या नियतीचा नाही. लोकशाही, सधन आणि शिक्षित अशा देशातही हवामानाची वचने का टिकत नाहीत, आणि ती मोडण्याची रीत कोणती, हे समजून घेण्याचा आहे.

सही सोपी, कपात अवघड

क्योटो करार डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये संमत झाला. विकसित देशांनी आपल्या हरितगृह वायूंचे उत्सर्जन ठरावीक प्रमाणात घटवावे, असे बंधन त्याने घातले. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत उत्सर्जनाची सरासरी १९९० च्या पातळीपेक्षा ६ टक्के कमी ठेवण्याचे कॅनडाने मान्य केले. पंतप्रधान ज्याँ क्रेतियाँ यांच्या सरकारने एप्रिल १९९८ मध्ये करारावर सही केली आणि डिसेंबर २००२ मध्ये त्याला अंतिम मान्यता दिली. करार अमलात आला तो १६ फेब्रुवारी २००५ पासून.

सही आणि अंमल यांच्यामधील या काळात योजनांचे दस्तऐवज बरेच निघाले. मात्र त्यांतील बहुतेक उपाय ऐच्छिक होते. उद्योगांनी स्वखुशीने उत्सर्जन घटवावे, नागरिकांनी प्रत्येकी एक टन कपातीचे आव्हान स्वीकारावे, असे त्यांचे स्वरूप होते. दरम्यान अल्बर्टा प्रांतातील तेलवाळूतून खनिज तेल काढण्याचा उद्योग वेगाने फोफावत होता. वाळूत मिसळलेले चिकट डांबर वेगळे करण्यासाठी भरपूर वाफ लागते आणि वाफेसाठी भरपूर नैसर्गिक वायू जाळावा लागतो. परिणाम व्हायचा तोच झाला. कॅनडाचे उत्सर्जन घटण्याऐवजी २००५ पर्यंत १९९० च्या तुलनेत सुमारे पाव पटीने वाढले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियल येथे हवामान परिषद भरली. तिचे अध्यक्षपद कॅनडाचे पर्यावरणमंत्री स्टेफान दियॉं यांच्याकडे होते. या गृहस्थांची करारावर एवढी निष्ठा, की त्यांनी आपल्या पाळीव कुत्र्याचे नाव ‘क्योटो’ ठेवले होते. परंतु यजमान देशाच्या स्वतःच्या हिशेबाच्या वहीत मोठी तूट पडलेली होती. माघारीची ही पहिली पायरी फारशी कोणाच्या नजरेत भरत नाही. उद्दिष्ट मान्य करायचे, ते गाठण्यासाठी लागणारा कटू उपाय मात्र पुढच्या सरकारवर सोपवायचा. पुढच्या सरकारला मग ‘हे आता अशक्यच आहे’ असे म्हणण्याची आयती सोय होते.

मोजपट्टी बदलण्याची युक्ती

जानेवारी २००६ च्या निवडणुकीनंतर स्टीफन हार्पर यांचे सरकार आले. क्योटोचे उद्दिष्ट गाठणे शक्य नाही, असे त्याने काही महिन्यांतच सांगून टाकले. तरीही करार लगेच सोडला गेला नाही. आधी मोजपट्टी बदलली गेली, आणि ती दोन प्रकारे बदलली.

पहिला प्रकार पायाभूत वर्षाचा. कपात कोणत्या वर्षाच्या तुलनेत मोजायची, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. सरकारने २००७ मध्ये १९९० ऐवजी २००६ हे वर्ष घेतले आणि २०२० पर्यंत २० टक्के कपातीची घोषणा केली. कोपनहेगन परिषदेनंतर, २०१० च्या आरंभी, अमेरिकेच्या पावलावर पाऊल ठेवून २००५ हे वर्ष घेतले आणि उद्दिष्ट १७ टक्क्यांवर आणले. ऐकणाऱ्याला ६ पेक्षा १७ मोठेच वाटणार. पण २००५ पर्यंत उत्सर्जन इतके वाढलेले होते, की त्यातून १७ टक्के वजा केले तरी उरणारा आकडा १९९० च्या पातळीपेक्षा किंचित जास्तच भरत होता. म्हणजे ‘१७ टक्के कपात’ या शब्दांत जुन्या हिशेबाने वाढ दडलेली होती.

दुसरा प्रकार तीव्रतेचा. एकूण उत्सर्जन घटवण्याऐवजी प्रत्येक पिंप तेलामागे किंवा उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन घटवण्याचे लक्ष्य ठेवले जाते. हे लक्ष्य निरर्थक नाही. त्याने कारखान्याची कार्यक्षमता वाढते. पण एका पिंपामागचे उत्सर्जन १० टक्क्यांनी घटले आणि पिंपांची संख्या दुप्पट झाली, तर वातावरणात जाणारा वायू ८० टक्क्यांनी वाढतो. वातावरणाला एकूण बेरीज तेवढी कळते, सरासरी कळत नाही.

कायदा झाला, अंमल झाला नाही

हार्पर यांचे सरकार तेव्हा अल्पमतात होते. विरोधी पक्षांनी एकत्र येऊन जून २००७ मध्ये क्योटो कराराच्या अंमलबजावणीचा कायदा संसदेत संमत करून घेतला. सरकारने दरवर्षी आराखडा सादर करावा आणि करारातील बंधन पाळले जाईल अशी व्यवस्था करावी, असे त्यात म्हटले होते. सरकारने आराखडे सादर केले. पण उद्दिष्ट गाठले जाणार नाही, हे त्याच आराखड्यांत नमूद केले. एका पर्यावरणवादी संस्थेने न्यायालयात दाद मागितली. संघीय न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये निर्णय दिला, की या कायद्याखाली सरकारला जाब विचारण्याचे काम संसदेचे आहे. न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करावा अशी कायद्याची रचनाच नाही. वरच्या न्यायालयांतही हा निर्णय कायम राहिला. कायदा होता, पण त्याला दात नव्हते.

२०११ च्या निवडणुकीत हार्पर यांना बहुमत मिळाले आणि मग उरलेल्या गोष्टी झटपट झाल्या. कराराच्या २७ व्या कलमानुसार, तो अमलात आल्यापासून तीन वर्षांनंतर कोणत्याही देशाला एक वर्षाची लेखी सूचना देऊन बाहेर पडता येत होते. डिसेंबर २०११ मध्ये सूचना दिली गेली आणि १५ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे कराराचा पहिला कालखंड संपण्यास अवघे १६ दिवस उरले असताना, कॅनडा त्यातून मोकळा झाला. करारात राहिल्यास तूट भरून काढण्यासाठी सुमारे १४ अब्ज डॉलरची उत्सर्जन-पत परदेशांतून विकत घ्यावी लागेल, असे सरकारचे म्हणणे होते. तूट राहिलीच, तर ती ३० टक्के अधिभारासह पुढच्या कालखंडात भरून देण्याची तरतूद नियमांत होती. मात्र जो पुढच्या कालखंडात राहणारच नाही, त्याच्याकडून अधिभार कोण वसूल करणार?

त्यानंतर जून २०१२ मध्ये चारशेहून अधिक पानांचे एक अर्थविषयक विधेयक संमत झाले. क्योटो अंमलबजावणी कायदा त्यातूनच रद्द झाला. पर्यावरण आणि अर्थव्यवस्था यांचा मेळ कसा घालावा याबाबत सरकारला स्वतंत्र सल्ला देणारे, १९८८ पासून कार्यरत असलेले राष्ट्रीय मंडळही त्याच विधेयकाने मोडीत निघाले. हवामान कृतिशून्यतेची किंमत देशाला किती मोजावी लागेल, याचे हिशेब हेच मंडळ मांडत असे. उद्दिष्टाबरोबर उद्दिष्टाचा हिशेब ठेवणारी संस्थाही गेली की माघार पूर्ण होते, कारण मग किती मागे आलो हे सांगणारेही कोणी उरत नाही.

पंपावरचा कर, बँकेतला परतावा

२०१५ मध्ये जस्टिन ट्रूडो यांचे सरकार आले आणि चक्र उलटे फिरले. २०१८ च्या कायद्याने कार्बनवर किंमत आकारण्याची व्यवस्था उभी राहिली. ज्या प्रांतांची स्वतःची पुरेशी व्यवस्था नव्हती, तेथे एप्रिल २०१९ पासून इंधनावर टनामागे २० डॉलर दराने संघीय आकार लागू झाला. तो टप्प्याटप्प्याने वाढून २०२४ मध्ये ८० डॉलर झाला, आणि २०३० मध्ये १७० डॉलरपर्यंत न्यायचा होता. प्रांतांनी आव्हान दिले, पण मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

या कराची रचना अर्थतज्ज्ञांना भावेल अशीच होती. इंधन आकारातून येणाऱ्या रकमेचा सुमारे ९० टक्के भाग कुटुंबांना परत दिला जाई. मोठी मोटार आणि मोठे घर असणाऱ्याला कर जास्त पडे, पण परतावा मोटारीच्या आकाराशी निगडित नव्हता. त्यामुळे कमी इंधन जाळणारी, मुख्यतः अल्प व मध्यम उत्पन्नाची कुटुंबे भरलेल्या करापेक्षा अधिक रक्कम परत मिळवीत. टोरांटो, मिसिसागा परिसरातील मराठी कुटुंबांच्या खात्यांतही हा परतावा जमा होत असे.

घोडे पेंड खाल्ले ते नेमके येथे. कर दिसत होता आणि परतावा दिसत नव्हता. २०२४ मध्ये पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे १७.६ सेंट कर होता आणि टाकी भरताना तो दर खेपेस बोचत असे. परतावा तीन महिन्यांतून एकदा, गाजावाजा न होता, खात्यात येई. आरंभीच्या काळात तर तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रातच समाविष्ट असे. महागाईने त्रासलेल्या मतदाराला संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अहवालांतूनही निःसंदिग्ध उत्तर मिळाले नाही. परताव्याने बहुतेकांचा फायदा होतो, असा एक निष्कर्ष आणि अर्थव्यवस्थेवरील परिणाम धरल्यास तोटा होतो, असा दुसरा. दुसऱ्या हिशेबात उद्योगांवरील कार्बन आकाराचा परिणामही चुकून मिसळला गेला होता, हे त्या कार्यालयाने २०२४ मध्ये मान्य केले. तोवर ‘कर हटवा’ ही विरोधी नेते पिएर पॉलिएव्ह यांची घोषणा घरोघरी पोहोचली होती.

शेवटचा धक्का मात्र सरकारने स्वतःच दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरे उबदार ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलाला तीन वर्षांची करसवलत जाहीर झाली. हे तेल प्रामुख्याने अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत वापरले जाते आणि तेथे सत्ताधारी पक्षाचे अनेक खासदार होते. ‘आम्ही नैसर्गिक वायूवर घरे तापवतो, मग आम्हाला सवलत का नाही?’ असा प्रश्न अन्य प्रांतांतून उठला. सस्कॅचेवानने जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरील हा कर गोळा करणेच थांबवले. कर सर्वांना समान लागू आहे, हा त्याचा नैतिक आधार होता. एका गटाला सूट देताच तो आधार गेला आणि दीड वर्षात करही गेला. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील आकार शून्य झाला. मोठ्या उद्योगांवरील कार्बन आकार मात्र कायम राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघ सरकार आणि अल्बर्टा यांच्यात झालेल्या समझोत्यात तेल व वायू उद्योगाच्या उत्सर्जनावर मर्यादा घालण्याचा प्रस्तावही बाजूला ठेवण्यात आला. माजी पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिल्बो यांनी त्यानंतर मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला.

हिशेब काय राहिला? २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४० ते ४५ टक्के कपात करण्याचे कॅनडाचे वचन आहे. २०२३ पर्यंत झालेली कपात साडेआठ टक्क्यांच्या आसपास आहे.

माघार का घ्यावीशी वाटते?

याची कारणे एकट्या कॅनडाची नाहीत. हवामान धोरणाचा खर्च आज, दृश्य स्वरूपात आणि ठरावीक लोकांवर पडतो. त्याचा लाभ उद्या, अदृश्य स्वरूपात आणि साऱ्या जगाला मिळतो. ज्याला तोटा होतो तो संघटित असतो, ज्याला लाभ होणार तो अनेकदा जन्मलेलाही नसतो. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधनकराविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले आणि डिसेंबरमध्येच करवाढ मागे घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियात जुलै २०१२ मध्ये टनाला २३ डॉलर दराने लागू झालेली कार्बन-किंमत जुलै २०१४ मध्ये रद्द झाली. दोन वर्षांचे आयुष्य लाभलेल्या कायद्याच्या भरवशावर कोणता उद्योजक चाळीस वर्षे चालणारा प्रकल्प उभारील?

शेजाऱ्याचे वर्तन हे आणखी एक कारण. अमेरिकेने २००१ मध्ये क्योटो करार नाकारला आणि तिच्याशी व्यापाराने जखडलेल्या कॅनडाला ‘आम्हीच का?’ हा युक्तिवाद मिळाला. पॅरिस करारातून अमेरिका डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, नोव्हेंबर २०२० मध्ये, बाहेर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांच्या काळात परतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला. एका मोठ्या देशाची अशी ये-जा अनेक लहान माघारींना आडोसा पुरवते.

काय टिकते, काय वाहून जाते

सारे चित्र निराशेचे नाही, आणि त्याचे उदाहरणही कॅनडातच आहे. ओंटारिओ प्रांतात २००३ च्या सुमारास सुमारे पाव वीज कोळशावर तयार होत असे. २००७ पर्यंत कोळसा बंद करण्याचे वचन प्रांतिक सरकारने दिले. मुदत पुढे २००९ आणि मग २०१४ वर गेली. ही माघारच, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण मुदत लांबत असताना पर्यायी वीजनिर्मिती उभी राहत होती, आणि २०१४ मध्ये शेवटचे कोळसा केंद्र खरोखरच बंद झाले. त्याच ओंटारिओत जानेवारी २०१७ मध्ये सुरू झालेली उत्सर्जन परवान्यांच्या खरेदी-विक्रीची योजना २०१८ च्या उन्हाळ्यात नव्या सरकारने गुंडाळली. अपारंपरिक ऊर्जेचे ७५८ करारही रद्द केले. फरक उघड आहे. कागदावरची योजना एका सहीने जाते. बंद होऊन मोडीत निघालेले वीजकेंद्र पुन्हा उभारणे कोणालाही परवडत नाही.

दुसरा अडसर न्यायालयाचा. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, २०२० अखेर १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्के कपात करण्याचे बंधन सरकारवर कायम केले, आणि त्यासाठी नागरिकांच्या मानवी हक्कांचा आधार घेतला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२१ मध्ये हवामान कायद्यातील २०३० नंतरच्या तरतुदी अपुऱ्या ठरवल्या, कारण त्यांतून सारा भार पुढच्या पिढीवर ढकलला जात होता. तिसरा अडसर स्वतंत्र पहारेकऱ्याचा. ब्रिटनच्या २००८ च्या कायद्याने पाच-पाच वर्षांच्या उत्सर्जन-मर्यादा आणि त्यांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली. पेट्रोल व डिझेलच्या नव्या मोटारींवरील बंदी २०३० वरून २०३५ वर ढकलण्याचा निर्णय ऋषी सुनक यांनी २०२३ मध्ये घेतला, तेव्हा त्याचे परिणाम या समितीने जाहीरपणे मांडले. अर्थात हाही कायदा अढळ नाही. तो रद्द करण्याचे आश्वासन तेथील हुजूरपक्षाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिले आहे.

आपला संबंध काय?

क्योटो करारात भारतावर कपातीचे बंधन नव्हते. पण श्रीमंत देशांना आपली तूट विकसनशील देशांतील प्रकल्पांकडून पत विकत घेऊन भरता येत असे. सातारा, सांगली, धुळे या जिल्ह्यांतील पवनचक्क्यांच्या अनेक प्रकल्पांनी या पतविक्रीचे उत्पन्न गृहीत धरले होते. २००८ मध्ये २० युरोंच्या वर गेलेली ही पत २०१२ अखेर एका युरोखाली घसरली. युरोपातील मंदी आणि परवान्यांची रेलचेल ही तिची मुख्य कारणे. पण कॅनडासारखे संभाव्य मोठे ग्राहक बाजारातून निघून गेल्याने मागणीची आशाही मावळली. ओटावातील सहीचा धागा असा सह्याद्रीच्या पठारापर्यंत येतो.

मुदतीची ढकलाढकल आपल्यालाही अपरिचित नाही. औष्णिक वीजकेंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूवर केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातल्या. दोन वर्षांची मुदत वारंवार लांबली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. विषय हवामानबदलाचा नव्हे, स्थानिक प्रदूषणाचा आहे. या सुटीच्या समर्थनार्थ तांत्रिक युक्तिवादही केले जातात. परंतु ज्या केंद्रांनी वेळेत पैसे खर्च करून यंत्रणा बसवली, त्यांना यातून मिळालेला धडा कोणता? नियम पाळणारा तोट्यात आणि वाट पाहणारा फायद्यात, हा अनुभव एकदा आला की पुढचा नियम कोणी गांभीर्याने घेत नाही.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. आज मतदान करणाऱ्या बहुतेकांच्या हयातीनंतरचे हे वर्ष आहे. म्हणूनच कोणतीही मोठी घोषणा ऐकताना वाचकाने चार प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. कपात कोणत्या वर्षाच्या तुलनेत? एकूण की सरासरी? २०७० पूर्वीची पहिली जाब देण्याची तारीख कोणती? आणि त्या तारखेला जाब विचारणारी, सरकारला सहज मोडीत काढता न येणारी संस्था कोणती? कॅनडात क्योटोच्या वचनाला पहिल्या तीन प्रश्नांची स्वच्छ उत्तरे होती. चौथ्याचे नव्हते.